अॅनिमेतल्या (जपानी कार्टूनपटांतल्या) खऱ्या जागा : नोव्हेंबरात १२ रात्री, जपान. बेत कसा बसवावा?

सडा_आणि_कातळ (देवगड)

मंडळी, दोन जण आहोत. आंब्याचं काम मे-जूनपर्यंत सुटत नाही, पुढे पाऊस, मग गणपती. त्यामुळे नोव्हेंबरशिवाय जमण्यासारखं नाही. हातात १२ रात्री आहेत आणि यादी अशी :

१. स्लॅम डंकच्या सुरुवातीच्या गाण्यात दिसतं ते समुद्रालगतचं रेल्वे फाटक, कामाकुरा
२. युअर नेममधल्या लाल कठड्याच्या पायऱ्या, तोक्यो
३. त्याच सिनेमातलं हिदा-फुरुकावा स्टेशन आणि लायब्ररी
४. लव्ह लाइव्ह सनशाइनचं उचिउरा, नुमाझूजवळ
५. पोन्योचं बंदर, तोमोनोउरा
६. जमलं तर स्पिरिटेड अवेची आंघोळीची हवेली. कुणी तैवानमधलं ज्युफेन सांगतं, कुणी दोगो. खरं काय?

विचारायचं आहे ते हे : क्रम कसा लावू, सात दिवसांचा रेल्वे पास घ्यावा का, व्हिसाच्या अर्जात असल्या जागा लिहिल्या तर चालतात का, आणि पडद्यावरच्या फ्रेमशी तंतोतंत जुळणारा फोटो काढायची काही रीत आहे का. कॅमेरा साधा, किट लेन्सचा. सोबतचा माणूस शाकाहारी आहे, अंडं चालतं.

---

रुळांची_सांगड (चिपळूण)

आधी सहाव्याचा निकाल लावू. ज्युफेनचा संबंध खुद्द दिग्दर्शक मियाझाकींनी नाकारलेला आहे, ते काढून टाका. मात्सुयामाचं दोगो ओन्सेन हे प्रेरणास्थानांपैकी एक मानतात. मुख्य इमारत १८९४ची. २०१९पासून तिची डागडुजी चालू होती, जुलै २०२४मध्ये ती पूर्ण उघडली. पण दोगो शिकोकू बेटावर, तुमच्या मार्गापासून बाजूला. बारा रात्रींत ते कोंबू नका. त्याऐवजी तोक्योच्या पश्चिमेला कोगानेईचं खुल्या आवारातलं वास्तुसंग्रहालय बघा. तिथे हलवून आणलेलं एक जुनं कागद-लेखणीचं दुकान आहे, त्याची भिंतभर छोट्या खणांची मांडणी म्हणजेच सिनेमातल्या कामाजीच्या बॉयलरखोलीतले औषधांचे खण. सोमवारी बंद असतं. अर्धा दिवस धरा.

आता क्रम. तोक्योला उतरायचं आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परत निघायचं. जाण्यायेण्याची तिकिटं एकाच शहराची काढलीत की शेवटचा एक दिवस आणि शिन्कान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) लांबचं भाडं नुसतं मागे फिरण्यात जातं. मग सगळं एका दिशेने, पश्चिमेकडे सरकत :

तोक्यो ३ रात्री, फुजिसावा २, नुमाझू २, हिदा-फुरुकावा २, फुकुयामा २, ओसाका १. झाल्या बारा.

राहायला कामाकुरा न घेता फुजिसावा सांगतोय, त्याला कारण आहे. एनोदेन ही छोटी रेल्वे १९०२ची, एकूण १० किलोमीटर, १५ स्टेशनं, एक टोक फुजिसावा आणि दुसरं कामाकुरा. फाटक आहे कामाकुरा-कोको-माए स्टेशनपासून मिनिटभराच्या अंतरावर. फुजिसावाहून तिथे साधारण पंधरा मिनिटं लागतात, आणि तोक्योची गर्दी पोचण्याआधी, सकाळी आठच्या आत तुम्ही तिथे असता. दहानंतर त्या कोपऱ्यावर उभं राहायला जागा नसते. गर्दी इतकी वाढली की लोकांना रस्त्यावरून हटवायला नगरपालिकेने रखवालदार ठेवले. शनिवार-रविवार टाळाच. दिवसाचा पास ८०० येन, तीन-चार वेळा चढउतार केली की वसूल.

गाड्या दर १४ मिनिटांनी. इथे एक गंमत लक्षात ठेवा, फार कामाची आहे. मार्ग एकेरी आहे आणि या स्टेशनच्या पुढे, शिचिरिगाहामाच्या बाजूला, मिनेगाहारा नावाची गाड्या ओलांडायची जागा आहे. आपल्याकडे कोकण रेल्वेवर क्रॉसिंगला गाडी थांबते तसंच, फक्त इथे कुणी अर्धा तास खोळंबत नाही. त्यामुळे कामाकुराकडे जाणारी गाडी गेली की थोड्याच मिनिटांत फुजिसावाकडची येते, आणि मग मोठा खंड पडतो. पहिली गाडी कॅमेरा लावून बघायला, दुसरी टिपायला. दोन्ही हुकल्या तर रस्त्यावर ताटकळू नका, बाजूला व्हा.

पास घेऊ नका. सात दिवसांच्या जपान रेल पासची किंमत ऑक्टोबर २०२३मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन झाली. तुमचा प्रवास एकाच दिशेचा आणि दहा दिवसांवर पसरलेला, सुटी तिकिटं स्वस्त पडतील. शिवाय पास असला तरी नोझोमी गाडीला वरचे पैसे भरावे लागतात.

सामानाचं : लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर तोकाइदो आणि सान्यो शिन्कान्सेनमध्ये मागच्या बाजूची ठरावीक सीट आधी आरक्षित करावी लागते. त्यापेक्षा फुजिसावाच्या हॉटेलातून मोठी बॅग कुरिअरने पुढे पाठवा (तिथे त्याला ताक्क्यूबिन म्हणतात, हॉटेलचा काउंटर फॉर्म भरून देतो) आणि नुमाझू, फुरुकावा पाठीवरच्या पिशवीवर करा. बॅग फुकुयामाच्या हॉटेलवर, पोचायची तारीख घालून.

---

तिकीटघर (रत्नागिरी)

वरच्या क्रमात एक सापळा आहे, तो सांगून टाकतो, कारण नुमाझूला जाणारे हमखास त्यात अडकतात.

सुइका कार्डाने (पैसे भरून गेटवर टेकवायचं रेल्वेचं कार्ड) फुजिसावाला आत शिरायचं आणि नुमाझूला बाहेर पडायचं, हे चालत नाही. कार्ड जपानभर चालतं हे खरं, पण एका विभागात टेकवून दुसऱ्या विभागात बाहेर पडता येत नाही. तोक्योकडचा विभाग अतामीला संपतो, नुमाझू पलीकडच्या, तोइका विभागात. वाईट म्हणजे फुजिसावावरून जाणाऱ्या काही साध्या गाड्या गाडी न बदलता थेट नुमाझूपर्यंत जातात, त्यामुळे प्रवासात काहीच खटकत नाही. खटकतं ते नुमाझूच्या गेटवर. लाल दिवा, मग खिडकीवर रांग, रोख भाडं, हातात एक कागद, आणि तो कागद सुइका विभागातल्या स्टेशनात दाखवून आधीची नोंद मिटवेपर्यंत ते कार्ड बंद. तुम्ही तर पश्चिमेला चाललात, म्हणजे कार्ड सहलभर निकामी. उपाय एवढाच : फुजिसावाला यंत्रातून नुमाझूचं कागदी तिकीट काढा.

कार्ड कोणतं घ्यायचं? परदेशी पाहुण्यांसाठीचं वेलकम सुइका अनामत न घेता मिळतं, २८ दिवस चालतं, उरलेले पैसे परत मिळत नाहीत. साध्या सुइकाला ५०० येन अनामत. आयफोन असेल तर कार्ड फोनमध्येच बनतं. इथे विकत घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनांत त्याला लागणारी फेलिका चिप नसते, तेव्हा प्लास्टिकचंच घ्या. स्टेशनवरची भरणा यंत्रं बहुतेक रोखच घेतात.

फुरुकावाचं : नागोयाहून हिदा एक्सप्रेस ताकायामापर्यंत सव्वादोन ते अडीच तास. सगळ्या हिदा गाड्या फुरुकावापर्यंत जात नाहीत, बऱ्याच ताकायामालाच संपतात. तिथून फुरुकावा लोकलने पंधरा-वीस मिनिटं, पण दोन लोकलमधलं अंतर कधी कधी तासाहून जास्त. म्हणून आधी फुरुकावापर्यंत थेट जाणारी गाडी शोधा आणि तिच्या वेळेवर बाकीचा दिवस बांधा. तिकीट काढताना जाणाऱ्या बाजूला उजवी का डावी असली चिकित्सा नको, नदी दोन्ही अंगांना येते.

---

शिक्का_मोर्तब (मुंबई, मूळ मालवण)

व्हिसाबद्दल. एप्रिल २०२४पासून भारतात राहणाऱ्यांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएसच्या केंद्रातून करायचा. एकदाच प्रवेश, राहण्याची मुभा जास्तीत जास्त ९० दिवस. हाती आल्यापासून तीन महिन्यांत वापरायचा असतो, तेव्हा नोव्हेंबरचा अर्ज जुलैत टाकायची घाई नको. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला टाका, गणपतीही उरकलेले असतात.

दिवसवार कार्यक्रमाचा एक तक्ता जोडावा लागतो : तारीख, काय करणार, संपर्क, मुक्काम. त्यात अॅनिमेतल्या जागा लिहायला काही हरकत नाही, पण सिनेमाचं नाव न लिहिता जागेचं लिहा. "फुजिसावा, एनोशिमा, कामाकुरा दर्शन", "फुकुयामा, तोमोनोउरा बंदर" असं. एका दिवसाला एक ओळ पुरे. तक्त्यातली हॉटेलं, बुकिंगचे कागद आणि विमानाच्या तारखा एकमेकांशी जुळल्या पाहिजेत. शंका येते ती इथे, तुम्ही कार्टून बघायला चाललात म्हणून नव्हे. शेती-बागायतीचं उत्पन्न असलेल्यांनी नुसत्या बँक स्टेटमेंटवर विसंबू नये, विवरणपत्रात शेतीचं उत्पन्न दाखवलेलं असेल तर तेही लावा.

आणि एक : विमानतळावर ई-व्हिसा फोनवर, इंटरनेट चालू ठेवून, त्यांच्या साइटवरूनच उघडून दाखवायचा असतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ, छापील प्रत धरत नाहीत. मुंबईत चेक-इनलाच विचारतात. घाईगडबडीत नेट अडकलं तर घाम फुटतो, तेव्हा रांगेत लागण्याआधीच पान उघडून ठेवा.

ताजी फळं, भाज्या, मांसाचे पदार्थ बॅगेत भरू नका.

---

चौकट_जुळवा (वेंगुर्ले)

तुमचा चौथा प्रश्न. फ्रेम जुळवण्याला रीत आहे, आणि बहुतेकांचं गणित चुकतं ते क्रमात. लोक आधी झूम फिरवतात. झूम सगळ्यात शेवटी.

घरून निघायच्या आधी हव्या त्या फ्रेमा पडद्यावर थांबवून झेरॉक्सवाल्याकडून पोस्टकार्डाएवढ्या छापून घ्या. फोन हातात धरून जुळवायला गेलात की फोटो कशाने काढणार? प्रत्येक छापील चित्रावर पेनने चार ठिपके करा, चारही हलू न शकणाऱ्या वस्तूंवर : विजेच्या खांबाचं टोक, कठड्याचा कोपरा, छपराची कड, आणि सगळ्यात लांबचं काहीतरी, डोंगर किंवा क्षितिज. माणसं, झाडं, पाट्या यांवर ठिपके नकोत, त्या बदलतात.

पहिलं, उंची. सपाट जागी क्षितिजाची रेष प्रत्येक वस्तूला कॅमेऱ्याच्या उंचीवरच छेदते. चित्रात क्षितिज फाटकाच्या खांबाच्या मधोमध येत असेल आणि तुमच्याकडे ते खांबाच्या टोकाशी दिसत असेल, तर तुम्ही फार उंचावर आहात, गुडघे वाकवा. अॅनिमेत कॅमेरा बऱ्याचदा कमरेएवढ्या उंचीवर ठेवतात. डोळ्याला लावून काढलेला फोटो म्हणूनच कधी जुळत नाही. कामाकुराच्या फाटकाला तर आणखी एक भानगड आहे : रस्ता समुद्राकडे उतरतो. तिथे तुम्ही मागे सरकलात की आपोआप वरही चढता, आणि क्षितिज फाटकाच्या वर उचललं जातं. म्हणून तिथे उंची आणि अंतर वेगवेगळं धरता येत नाही, दोन्ही एकदम जुळवावं लागतं. अर्धा मीटर मागे, थोडं खाली बसा, बघा, परत.

दुसरं, डावं-उजवं. एक जवळची आणि एक लांबची वस्तू निवडा. चित्रात जवळच्या खांबाची कड लांबच्या छपराच्या कोपऱ्याला चिकटलेली असेल तर तीच ती जागा. खांब छपराच्या डावीकडे सरकलेला दिसला तर तुम्ही उजवीकडे गेलात, एक पाऊल डावीकडे या. वीतभराच्या फरकाने जुळतं किंवा बिघडतं.

तिसरं, अंतर. जवळची वस्तू लांबच्या वस्तूच्या किती पट दिसते ते छापील चित्रावर पट्टीने मोजा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जवळची फार मोठी दिसत असेल तर मागे जा. हे प्रमाण झूमने बदलत नाही, फक्त चालण्याने बदलतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं.

मग झूम, चौकट भरेपर्यंत. फोनची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या तोडीची असते, किट लेन्स १८-५५ असेल तर २७ ते ८२च्या तोडीची. समुद्र गाडीच्या पाठीमागे भिंतीसारखा उभा दिसतो त्या फ्रेमा लांबून आणि झूम करून काढलेल्या असतात. फोनवर २ पट किंवा ३ पटचं बटण वापरा, रुंद लेन्सने जवळ जाऊ नका. फोटो ४:३मध्येच काढा, १६:९ नंतर कापा, म्हणजे वरखाली सरकवायला जागा उरते.

चारपैकी तीन ठिपके बसले की शटर दाबा. चौथा बहुधा बसणारच नाही, कारण पार्श्वभूमी रंगवणारे खांब हलवतात, डोंगर मोठे करतात, दोन जागांची एक करतात. चौथ्यासाठी मधल्या रस्त्यात उभं राहिलात तर शिव्या खाल, त्याही योग्यच.

उजेड : फाटकावरून समुद्राकडे बघताना तोंड दक्षिणेला. नोव्हेंबरात दुपारचा सूर्य नेमका समोर आणि खाली, सगळं काळं पडतं. सकाळी आठच्या सुमाराला तो डावीकडून येतो, गाडीच्या हिरव्या-पिवळ्या रंगालाही उठाव मिळतो. नोव्हेंबरअखेर तिथे साडेचारलाच सूर्य मावळतो. आपल्याकडे सहापर्यंत उजेड असतो त्या सवयीने बेत आखला तर रोज एक जागा हुकणार.

ट्रायपॉड हॉटेलवरच ठेवा. ड्रोन १०० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर नोंदणीशिवाय उडवता येत नाही, तोही घरी ठेवा.

---

गलबत (हर्णे)

पोन्योसाठी वरची ठिपक्यांची रीत वापरू नका, वाया जाईल. मियाझाकी २००५मध्ये तोमोनोउरात जवळजवळ दोन महिने राहिले आणि २००८च्या सिनेमात तिथली हवा उतरली. पण कड्यावरचं घर, अमुक पायरी, तमुक गल्ली अशी जशीच्या तशी फ्रेम शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. तिथे बंदर बघायचं.

आणि बंदर बघण्यासारखं आहे, विशेषतः आपल्यासारख्यांना. जुन्या काळी इथे शिडाची जहाजं भरती-ओहोटीचा प्रवाह फिरण्याची वाट बघत थांबायची, कारण आतल्या समुद्राचे दोन्हीकडचे प्रवाह इथेच मिळतात. धक्क्याला सरळ भिंत नाही. पाण्यात उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, त्यांना गांगी म्हणतात. पाणी कितीही वर-खाली असो, होडी कुठल्या ना कुठल्या पायरीला लागतेच. टोकाला १८५९चा दगडी दीपस्तंभ, जोयातो. होड्यांचे तळ शेकून किडा मारायची जागाही राखलेली आहे. भरतीला गेलात तर निम्म्या पायऱ्या पाण्याखाली, तेव्हा फुकुयामाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघून ओहोटीच्या आसपास पोचा, आणि मग पाणी चढेपर्यंत थांबा. चार-पाच तास सहज जातात.

हे बंदर असं उरलंय ते आपोआप नाही. बंदराच्या तोंडावर भराव टाकून पूल बांधायचा सरकारी बेत होता. रहिवासी कोर्टात गेले आणि २००९मध्ये हिरोशिमाच्या जिल्हा न्यायालयाने भरावाला मनाई केली. किनाऱ्यावर रस्ता म्हणजे काय, हे कोकणात वेगळं सांगायला नको.

फुकुयामा स्टेशनसमोरून बस, अर्धा तास. समोरच्या सेन्सुईजिमा बेटावर पाच मिनिटांची फेरी, वेळ उरला तर जा.

---

सडा_आणि_कातळ

बाप रे, एवढं अपेक्षित नव्हतं. सुइकाचं तर कधी कळलंच नसतं. तीन गोष्टी राहिल्या : उचिउराची बस, युअर नेमच्या पायऱ्या आणि लायब्ररीत फोटो काढू देतात का, आणि शाकाहारी माणसाचं काय.

---

आमटीभात (अलिबाग)

शाकाहाराचं स्पष्टच सांगते. मासा दिसत नाही म्हणजे मासा नाही, असं जपानात धरू नका. नूडल्सचं सूप, मिसो, भाजीचा रस, अंड्याची वळकटी, सगळ्याचा पाया दाशी, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, आणि तो बहुतेक वेळा सुकवलेल्या कात्सुओ माशाचा. "मांस नाही" सांगितलं तर समोरचा माणूस प्रामाणिकपणे मासा वाढतो. म्हणून जपानी लिपीत छापलेलं कार्ड ठेवा : मांस नाही, मासा नाही, माशाचा दाशी नाही, अंडं आणि दूध चालतं. कामाकुरात झेन देवळांमुळे शोजिन, म्हणजे भिक्षूंचं शाकाहारी जेवण मिळतं, ते आधी सांगून ठेवायचं. दुकानातल्या ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या मुटक्यांत, उमेबोशीचा, म्हणजे आंबट-खारट प्लमचा, त्यातल्या त्यात बरा. फुरुकावा आणि उचिउराला संध्याकाळी दुकानं लवकर मिटतात, रात्रीची सोय दुपारीच पिशवीत असू द्या. थेपले नाहीतर दशम्या न्या, लाजू नका.

तुम्ही मासे खात असाल तर चैन आहे. नुमाझूचा हिमोनो म्हणजे चिरून, मिठाच्या पाण्यातून काढून अर्धवट वाळवलेला मासा. आपल्या खाऱ्या बांगड्याएवढा कडक नाही, भाजला की आतून ओला राहतो. एनोशिमाला शिरासू, बोटाच्या पेराएवढे पांढरे मासे, भातावर कच्चे किंवा उकडलेले. सागामी खाडीत १ जानेवारी ते १० मार्च त्यांची मासेमारी बंद असते, जशी आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै. नोव्हेंबरात मिळतील, पण समुद्र खवळलेला असला की त्या दिवशी कच्चे नाहीत, पाटी लावतात.

---

शिक्का_मोर्तब

पायऱ्या योत्सुयाच्या सुगा देवळाच्या. सगळ्यात सोयीचं स्टेशन योत्सुया-सानचोमे, तिथून दहा मिनिटं चालत. दोन्ही बाजूंना राहती घरं. पायऱ्या चढून देवळात जा, मग फोटो. पायऱ्यांवर बसून खाणं नको आणि रात्री दहा वाजता तर बिलकुल नको. आपल्या वाडीत कुणी अंगणात शिरून तुळशीवृंदावनापाशी पोझ दिली तर जे वाटेल तेच तिथल्या लोकांना वाटतं.

हिदा-फुरुकावाच्या लायब्ररीत आधी काउंटरवर सांगायचं, वाचणारी माणसं फ्रेममध्ये येऊ द्यायची नाहीत. सुटीचा वार जायच्या आधी बघा. स्टेशनची फ्रेम रुळांवरच्या पादचारी पुलावरून मिळते, आणि सिनेमातल्यासारखी हवी तर हिदा एक्सप्रेस फलाटाला लागलेली असताना उभं राहायला हवं. म्हणजे तिची वेळ लिहून ठेवा. इतोमोरी गाव आणि तळं काल्पनिक आहे, ते शोधू नका. नोव्हेंबरअखेर फुरुकावाला रात्री पारा शून्याजवळ जातो. दापोलीच्या थंडीचा स्वेटर पुरणार नाही.

आणि जाण्याआधी महिनाभर प्रत्येक जागा नकाशावरच्या रस्त्याच्या ताज्या फोटोंत तपासा. वेदरिंग विथ यूमधली छतावर तोरी (देवळाची कमान) असलेली इमारत, योयोगी काइकान, सिनेमा आला त्याच वर्षी, २०१९ला पाडायला घेतली. लकी स्टार मालिकेतल्या वाशिनोमिया देवळाची मोठी तोरी २०१८मध्ये कोसळली, नवी २०२१मध्ये उभी राहिली. जुन्या ब्लॉगवर विसंबलात तर बांधकामाचा पत्रा बघून याल. शोधताना "सेइची जुनरेई" हे शब्द जपानी लिपीत कॉपी करून सिनेमाच्या जपानी नावाला जोडा. शब्दशः तीर्थयात्रा. परिणाम जपानी चाहत्यांचे मिळतील, आणि तेच नेमके असतात.

---

तिकीटघर

उचिउराची बस नुमाझू स्टेशनच्या दक्षिण बाजूने सुटते, इझू-मितो सी पॅराडाइजकडे जाणारी बघा, चाळीस मिनिटांच्या आसपास. मागच्या दाराने चढायचं, दाराशी यंत्रातून आकडा छापलेली चिठ्ठी घ्यायची, ती हरवायची नाही. पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर फलक असतो, तुमच्या आकड्याखालचं भाडं वाढत जातं. उतरताना पुढच्या दाराशी चिठ्ठी आणि नेमके पैसे पेटीत. सुटे नसतील तर पेटीलाच सुटं करायचं यंत्र असतं, पण ते १,००० येनची नोट घेतं, मोठी नाही. गाडी चालू असताना उठू नका, थांब्यावर उभी राहिली की मग.

उतरल्यावर आधी सान-नो-उराच्या माहिती केंद्रात जा, तिथे लव्ह लाइव्हच्या चाहत्यांची सवय आहे, नकाशा मिळतो. मालिकेतली शाळा ज्या शाळेवरून घेतली ती नागाइसाकीची शाळा चालू शाळा आहे. फाटकाच्या आत जायचं नाही, आणि मुलं येता-जाताना तिच्या वाटेवर कॅमेरा काढायचा नाही.

थांब्यावर उतरलात की पहिलं काम : परतीच्या वेळापत्रकाचा फोटो. तक्त्यात दोन उभे रकाने असतात, एक कामाच्या दिवसांचा, दुसरा शनिवार, रविवार आणि सुट्यांचा. संध्याकाळी गाड्या विरळ होतात आणि दोन्ही रकान्यांच्या वेळा वेगळ्या. ३ आणि २३ नोव्हेंबर या जपानात सार्वजनिक सुट्या आहेत, आठवड्याचा वार कोणताही असो. त्या दोन तारखांना सुट्यांचा रकाना वाचा, आणि कामाकुरा तर त्या दिवशी ठेवूच नका.